हाताच्या पलीकडचा मेल केन्यन

अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर मेल केन्यनबद्दल कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात त्याचा डावा हात येतोच. 1965 साली गाडी पेटली, बोटं गेली, आणि तरी हा माणूस पुढची वीस वर्षं शर्यती मारत राहिला. मग जिद्द, चिकाटी, दुर्दम्य इच्छाशक्ती वगैरे शब्द ओळीने येतात आणि लेख संपतो. गोष्ट खरी आहे, त्यात काही वाढवलेलं नाही. पण नुसत्या जिद्दीवर काम भागत असतं, तर त्या काळातले भाजलेले, हाडं मोडलेले निम्मे ड्रायव्हर चॅम्पियन झाले असते. जिद्दीला तोटा तिथे कुणाकडेच नव्हता. अमेरिकेच्या मिजेट रेसिंगमध्ये सात राष्ट्रीय विजेतेपदं आणि 111 राष्ट्रीय शर्यतींतले विजय एकट्या केन्यनच्या नावावर लागले. त्यातलं एक विजेतेपद अपघाताआधीचं, बाकी सहा नंतरची. हे कसं झालं, एवढाच प्रश्न घेऊन हे प्रकरण उलगडून बघायचं आहे.

गाडी आणि तिचा मुलूख

आधी गाडी समजून घ्यायला हवी, कारण अर्धं उत्तर तिच्यात आहे. मिजेट म्हणजे उघड्या चाकांची, एकट्या चालकाची, पुढे इंजिन असलेली छोटी रेसिंग कार. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साडेपाच ते सव्वासहा फूट. वजन चारशे-साडेचारशे किलो, म्हणजे आपल्या साध्या हॅचबॅकच्या निम्म्याने. आजच्या मिजेटमध्ये या वजनाला साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन जोडलेलं असतं. गाडीला स्टार्टर नाही, नेहमीसारखा क्लच-गिअरबॉक्स नाही. मागून ट्रकने ढकलत न्यायची, वेग आला की गिअर टाकून इंजिन चालू करायचं. इंधन मिथेनॉल. ट्रॅक अंडाकृती, पाव मैल ते अर्धा मैल, कधी मातीचा तर कधी डांबरी. वळायचं कायम डावीकडेच.

हा खेळ महामंदीच्या पोटी जन्मला. 1933 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या ह्यूज स्टेडियमवर मिजेट गाड्यांची पहिली रीतसर शर्यत झाली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये गिलमोर स्टेडियम उभं राहिलं. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, मोठ्या गाड्या परवडत नव्हत्या, पण फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या पट्ट्यावर छोट्या गाड्या पळवता येत होत्या आणि तिकीट स्वस्त ठेवता येत होतं. मिडवेस्टमध्ये त्या जिल्ह्याच्या जत्रेतल्या मैदानांवर पळत, जिथे आधी घोड्यांच्या शर्यती होत असत. विदर्भातला शंकरपट ज्याने पाहिला असेल त्याला तिथली हवा वेगळी सांगायला नको: धूळ, आरडाओरडा, गावचा तो अमका, शेजारच्या गावचा तो तमका, आणि जनावराच्या जागी ऑफेनहाउझरचं 97 घनइंची इंजिन. लिटरमध्ये सांगायचं तर साधारण 1.6. सगळे त्याला लाडाने ऑफी म्हणायचे.

या गाडीला हलकं समजणाऱ्यांसाठी 1959 चा एक किस्सा पुरेसा आहे. कनेक्टिकटमधल्या लाइम रॉकच्या रस्त्यासारख्या वळणावळणाच्या ट्रॅकवर, युरोपातून आणलेल्या महागड्या स्पोर्ट्‌स कार्सच्या मांदियाळीत, रॉजर वॉर्ड हा इंडियानापोलिस 500 या अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या शर्यतीचा ताजा विजेता एक जुनी ऑफी मिजेट घेऊन उतरला आणि सगळ्यांना धूळ चारून गेला. डावी-उजवी दोन्ही वळणं असलेला ट्रॅक ही मिजेटची जागाच नव्हे. तरी ती जिंकली.

वळणावर काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. मातीच्या ट्रॅकवर मिजेट वळणात शिरते ती आडवी होऊन. मागची चाकं बाहेर घसरतात, गाडीचं नाक डावीकडे आतल्या बाजूला रोखलेलं आणि चालकाने पुढची चाकं मात्र उजवीकडे वळवलेली. त्या अवस्थेत ॲक्सिलरेटरने आणि स्टीअरिंगच्या बारीक झटक्यांनी गाडी तोलून धरायची, सरळ पट्टा आला की सरळ करायची, आणि दोन-तीन सेकंदांत पुढचं वळण. केन्यनच्या उमेदीच्या काळात पॉवर स्टीअरिंग नव्हतं. खड्डा आला की चाक हातात लाथ मारतं. थोडक्यात, ज्याची बोटं शाबूत नाहीत त्याने जी गाडी सगळ्यात शेवटी निवडावी, ती ही.

लँगहॉर्न

मेल केन्यन जन्मला 15 एप्रिल 1933 रोजी इलिनॉय राज्यातल्या डिकॅल्बला. म्हणजे पहिल्या मिजेट शर्यतीपेक्षा तो दोन महिन्यांनी मोठा. वाढला आयोवातल्या डॅव्हनपोर्टला. पुढे त्याने इंडियानातल्या लेबनन या गावात बस्तान बसवलं आणि तिथलाच झाला. घरात रेसिंग हा सामायिक धंदा होता: वडील, भाऊ डॉन आणि मेल. त्यांच्या संघाचं नावही थ्री-के, तीन केन्यन. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल.

1964 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो युसॅकचा राष्ट्रीय मिजेट चॅम्पियन झाला. युसॅक म्हणजे 1956 पासून या शर्यतींचं नियमन करणारी संस्था. इंडियानापोलिस 500 देखील तेव्हा तिच्याच छत्राखाली होती. त्या काळचा रिवाज असा की मिजेटमध्ये नाव झालं की माणूस मोठ्या गाड्यांकडे वळायचा. पैसा तिकडे, वर्तमानपत्रातला मथळा तिकडे. केन्यनही वळला.

पेनसिल्व्हेनियातलं लँगहॉर्न हे नाव तेव्हाचे ड्रायव्हर जपूनच घेत असत. 1926 साली बांधलेला एक मैलाचा ट्रॅक, जवळपास गोल, म्हणजे सरळ पट्टा असा नाहीच. सतत वळत राहायचं. माइक नझारुक 1955 मध्ये तिथे अपघातात मेला, आणि तो नावाजलेला मिजेटवाला होता. 1958 चा इंडियानापोलिस विजेता जिमी ब्रायन 1960 मध्ये तिथेच मेला. 1965 मध्ये ट्रॅकवर डांबर पडलं, आकारही थोडा बदलला, वेग वाढला. त्याच वर्षीच्या जूनमधल्या शर्यतीत केन्यनची गाडी घसरून भिंतीवर आदळली, तो बेशुद्ध झाला आणि गाडीने पेट घेतला. त्याला आगीतून ओढून बाहेर काढलं ते सहस्पर्धकांनी, जो लेनर्ड आणि रॅल्फ लिगोरी यांनी.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. आग सहन करणारं नोमेक्सचं कापड रेसिंगमध्ये सर्रास आलं ते याच्यानंतर, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. 1965 मधला ड्रायव्हर रसायनात बुडवून वाळवलेला सुती सूट घालून बसायचा. त्याच्या आदल्याच वर्षी इंडियानापोलिसला एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड जळून मेले होते. केन्यन वाचला. भाजलेलं अंग हळूहळू भरत आलं, डाव्या हाताची बोटं मात्र जवळपास सगळी गेली.

ज्याच्याशी तुलना करावी असा माणूस

केन्यनचं प्रकरण एकटं बघितलं की चमत्कार वाटतं. म्हणून त्याच्या शेजारी जिम हर्टुबीसला ठेवून बघावं. हर्टुबीस वयाने जवळपास तेवढाच, कदाचित जास्त धडाकेबाज. बरोबर एक वर्ष आधी, 1964 च्या जूनमध्ये, मिलवॉकीला त्याची गाडी पेटली आणि दोन्ही हात भाजले. डॉक्टरांनी विचारलं, बोटं कायमची कोणत्या आकारात ठेवायची? त्यावर स्टीअरिंग धरता येईल अशी ठेवा, असं त्याने सांगितल्याची आठवण रेसिंगच्या जगात आजही निघते. तो परतलाही झोकात: 1966 च्या मार्चमध्ये त्याने स्टॉक कारची अटलांटा 500 जिंकली.

त्याच्याकडे काही कमी होतं असं कुणी म्हणणार नाही. पण पुढे त्याने सगळं बळ एका गोष्टीवर लावलं. पुढे इंजिन असलेली रोडस्टर गाडी घेऊन तो वर्षानुवर्षं इंडियानापोलिसला येत राहिला, आणि तोपर्यंत बाकी सगळे मागे इंजिन असलेल्या गाड्यांत बसले होते. लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, ते टिकलं. निकाल मात्र आले नाहीत.

दोघं जळाले, दोघांचे हात गेले, दोघं परतले. मग फरक कुठे पडला? हर्टुबीसने शरीराला गाडीच्या मापाचं करून घेतलं, कायमचं. केन्यनच्या घरी उलटं झालं.

हातमोजा

डॉन आणि वडिलांनी मिळून एक हातमोजा बनवला. तळव्याच्या जागी रबराची कडी, ग्रॉमेट, बसवलेली. आणि गाडीच्या स्टीअरिंग व्हीलवर एक खुंटी. कडी खुंटीवर बसवली की डावा हात चाकाला जोडला जायचा. बोटांनी पकडायची गरज उरली नाही. खांदा आणि दंड यांच्या जोरावर चाक ओढता यायचं, ढकलता यायचं, आणि चाक फिरलं तरी हात खुंटीभोवती आपल्या जागी फिरत राहायचा. उजवा हात पहिल्यासारखा.

ही वस्तू बघायला अगदी साधी आहे, आणि तिचं सगळं मर्म तिच्या साधेपणातच आहे. तिला कुठल्या कारखान्याची मंजुरी लागली नाही, कुठल्या प्रायोजकाची सही लागली नाही. घरच्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या आणि शिवणाच्या कामात होईल एवढीच ती होती. रबर झिजलं तर दुसरं. खुंटी थोडी वर हवी की खाली, हे बसून बघायचं, उठून सरकवायचं, पुन्हा बसायचं. बनवणारे दोघं जण घरचे, आणि वापरणाऱ्याची बसायची सवय, त्याचा जोर कुठे पडतो हे त्यांना आधीपासून पाठ. मिजेट रेसिंग गरीब खेळ होता म्हणूनच हे शक्य झालं, असं माझं मत आहे. मोठ्या संघात ड्रायव्हर गाडीला जुळवून घेतो. जुळत नसेल तर दुसरा ड्रायव्हर रांगेत असतो. ज्या संघात मालक, मेकॅनिक आणि ड्रायव्हर एकाच ताटात जेवतात, तिथे गाडी ड्रायव्हरला जुळवून घेते.

याच काळात त्याच्या आयुष्यात आणखी एक बदल झाला. अपघातानंतरच्या दिवसांत तो श्रद्धाळू ख्रिस्ती झाला, आणि ते पुढेही टिकलं. चर्चमध्ये, लोकांसमोर तो याबद्दल मोकळेपणाने बोलायचा. अमेरिकन लेखांमध्ये हा भाग बराच मोठा असतो. मला तो त्याच्या शर्यतींचं कारण म्हणून पटत नाही, पण एक मात्र दिसतं: निकालाबद्दल हा माणूस फार चिडत नसे, आणि बावन्नाव्या वर्षापर्यंत धूळ खायची असेल तर चिडून चालत नाही.

मोठ्या मैदानात

लँगहॉर्नला वर्षही झालं नव्हतं तोवर, 1966 च्या मे महिन्यात, केन्यन आयुष्यात पहिल्यांदाच इंडियानापोलिस 500 च्या रांगेत उभा होता. ती शर्यत मोठी विचित्र झाली. पहिल्याच फेरीत गाड्यांचा खच पडला आणि 33 पैकी 11 जण तिथेच बाद. शेवटी पूर्ण 200 फेऱ्या मारल्या त्या चौघांनी: ग्रॅहम हिल, जिम क्लार्क, जिम मॅकेलरीथ आणि गॉर्डन जॉनकॉक. पाचवा आला मेल केन्यन, 198 फेऱ्यांसह. त्याच्या खालचं नाव जॅकी स्टुअर्टचं, जो शेवटी आघाडीवर असताना इंजिनाने दगा दिल्यामुळे थांबला होता.

1968 ची शर्यत कथाकाराने रचावी तशी निघाली. लोटसच्या टर्बाइन गाड्यांचं ते वर्ष. जो लेनर्ड, ज्याने तीन वर्षांपूर्वी केन्यनला आगीतून ओढून काढलं होतं, शर्यत संपायला नऊ-दहा फेऱ्या उरल्या असताना सर्वांत पुढे होता. धोक्याचा पिवळा बावटा उतरून हिरवा लागला, आणि त्याच क्षणी टर्बाइन विझली. लेनर्ड गाडी घेऊन कडेला लागला. बॉबी अन्सर जिंकला, डॅन गर्नी दुसरा, आणि केन्यन तिसरा. त्याच्या मागे चौथा डेनी हल्म, जो त्या वेळी फॉर्म्युला वनचा विश्वविजेता होता. केन्यनच्या गाडीचं नाव 'सिटी ऑफ लेबनन'. एका छोट्या गावाचं नाव लिहिलेली गाडी विश्वविजेत्याच्या पुढे येऊन थांबली. केन्यनच्या इंडियानापोलिसच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात वरचा क्रमांक.

पुढच्या वर्षी चौथा. मग तीन साधी वर्षं. त्यातलं 1971 चं साधं म्हणावं की नाही कोण जाणे. स्टीव्ह क्रिसिलॉफचं इंजिन फुटून ट्रॅकवर तेल सांडलं, केन्यन घसरून भिंतीला लागला, आणि मागून आलेल्या जॉनकॉकची गाडी त्याच्या गाडीवर चढून गेली. केन्यन कॉकपिटमध्ये खाली दबून बसला होता म्हणून वाचला. 1973 मध्ये पुन्हा चौथा. ती शर्यत पावसाने आणि मृत्यूंनी झाकोळलेली, तीन दिवस रखडलेली आणि 133 फेऱ्यांवर थांबवलेली.

1966 ते 1973 अशी सलग आठ वर्षं तो इंडियानापोलिसला उतरला आणि चार वेळा पहिल्या पाचात आला. मारिओ आंद्रेत्तीसारखा गाजलेला ड्रायव्हर इंडियानापोलिसला 29 वेळा उतरला, आणि पहिल्या पाचातले त्याचे निकाल त्या मानाने थोडे, हे शेजारी ठेवून बघितलं तर केन्यनचा हिशेब किती चोख आहे ते कळतं. पण या मोठ्या गाड्यांच्या वर्गातली एकही शर्यत त्याने जिंकली नाही. हेही तितकंच खरं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. गाडी सांभाळायची, इंजिन वाचवायचं, इतरांची मोडतोड होईल तेव्हा आपण चालते असायचं: या सवयीने 500 मैलांच्या शर्यतीत पाचवा, चौथा, तिसरा क्रमांक मिळतो. पहिला मिळवायला ज्या प्रतीची गाडी आणि जो पैसा लागतो, तो त्याच्या वाट्याला कधी आला नाही.

जिथे हीच सवय सोन्याची झाली

मिजेटचा हंगाम म्हणजे वेगळंच जनावर. एकच मोठी शर्यत नाही. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत राज्याराज्यांतून भटकायचं, कधी मातीवर, कधी डांबरावर, आणि थंडीत फोर्ट वेनच्या कोलिझियमसारख्या बंद सभागृहात सिमेंटच्या फरशीवर. प्रत्येक रात्री आधी हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, मग फीचर, म्हणजे मुख्य शर्यत. प्रत्येक फीचरचे गुण. एका रात्री तुम्ही सगळ्यांना लोळवलंत आणि पुढच्या तीन रात्री भिंतीत घुसलात तर चॅम्पियनशिप गेली. आठवडाभर ट्रेलर ओढून, रात्री दोनला गाडी दुरुस्त करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येणारा माणूस इथे वर्षअखेर वर असतो.

इंडियानापोलिसला ज्या स्वभावाने केन्यनला विजयापासून एक-दोन पायऱ्या खाली ठेवलं, त्याच स्वभावाने त्याला इथे 1967 आणि 1968 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं दिली. ती वर्षं लक्षात घ्या: त्याच काळात तो इंडियानापोलिसलाही धावत होता. मग 1974, 1977, 1981 आणि 1985. अपघातानंतरचं पहिलं विजेतेपद चौतिसाव्या वर्षी, शेवटचं बावन्नाव्या.

या मधल्या वर्षांत त्याच्याभोवती काय चाललं होतं ते पाहिलं की या आकड्यांना वजन येतं. 1969 चा चॅम्पियन बॉब टॅटर्सल. 1971 मध्ये कर्करोगाने गेला. 1970 चा जिमी कॅरदर्स. त्यालाही 1975 मध्ये कर्करोगाने नेलं. त्याचा धाकटा भाऊ डॅनी 1971 च्या हंगामात गुणांत पुढे असताना ट्रॅकवरच्या अपघातात मेला आणि विजेतेपद मरणोत्तर त्याच्या नावावर लागलं. 1972 ला पँचो कार्टर आला, लगेच मोठ्या गाड्यांकडे गेला. 1973 चा लॅरी राइस हा शाळामास्तर. त्यानेही पुढे इंडियानापोलिस गाठलं. कॅलिफोर्नियाचा स्लीपी ट्रिप 1975 आणि 1976 असं दोनदा जिंकून गेला. लोक येत होते, जात होते. कुणी वर जात होतं, कुणी खाली मातीत.

आणि मग रिच वोग्लर. 1950 चा जन्म, केन्यनपेक्षा सतरा वर्षांनी लहान, आणि गाडी चालवायचा ती ट्रॅक आपल्या बापाचा असल्यासारखी. 1977 केन्यन, 1978 वोग्लर, 1980 वोग्लर, 1981 केन्यन, 1983 वोग्लर, 1985 केन्यन, 1986 वोग्लर. या यादीत मला केन्यनच्या कारकिर्दीतला सगळ्यात रसाळ भाग दिसतो, लँगहॉर्नपेक्षाही. पन्नाशीचा माणूस, अर्ध्या पंजाचा, आणि समोर त्या पिढीतला सगळ्यात भुकेला ड्रायव्हर. वोग्लर फीचर जिंकायला धावायचा, केन्यन हंगाम जिंकायला. दोघांनाही आपलं पुरेपूर मिळालं. वोग्लरची पाच विजेतेपदं झाली. 1990 च्या जुलैत, चाळिशीला काही दिवस बाकी असताना, इंडियानातल्या सेलमच्या ट्रॅकवर तो आघाडीवर असतानाच अपघातात गेला.

हिशेब

हातमोज्याने केन्यनला परत आणलं, हे खरं. टिकवलं कशाने, याची उत्तरं मला तीन-चार ठिकाणी सापडतात, आणि ती सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात मोठं कारण घरच्या संघाचं. दोन दशकांत खेळाचं सगळं सामान बदललं. ऑफीचं राज्य संपलं. शेव्हीची चार सिलिंडरची इंजिनं आली, मग हवेने थंड होणारी फोक्सवॅगन आली आणि सत्तरच्या दशकात तिने धुमाकूळ घातला. पडद्याआड प्रत्येक बदलाचा अर्थ एकच: नवा खर्च, नवी जुळवाजुळव. केन्यन कुणाच्या नोकरीत नव्हता, त्यामुळे त्याला हाकलणारं कुणी नव्हतं. पगारी ड्रायव्हर असता तर 1965 नंतर, निदान 1973 नंतर, कुठल्या मालकाने जागा दिली असती? भाऊ देतो.

दुसरं कारण वयाशी उलटं चालणारं. चालकाच्या डोक्यावर पोलादी पिंजरा, म्हणजे रोल केज, मिजेटमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीचा झाला. त्याआधीच्या उघड्या गाड्यांत उलटणं म्हणजे बहुधा मरण. केन्यनची चार विजेतेपदं या पिंजऱ्यानंतरची आहेत. ज्या वयात प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात त्या वयात खेळ जरा कमी जीवघेणा झाला, ही त्याच्या नशिबाची बाजू. त्याच्या गुणांत ती मोजू नये, पण लपवूही नये.

तिसरं म्हणजे त्याने मिजेटला शिडी मानलं नाही. जेफ गॉर्डन 1990 मध्ये याच मालिकेचा चॅम्पियन झाला आणि लगेच नॅसकारकडे, म्हणजे स्टॉक कारच्या शर्यतींकडे गेला; टोनी स्टुअर्टने 1994 आणि 1995 अशी दोन विजेतेपदं घेतली आणि तोही गेला. त्यांनी योग्यच केलं. केन्यनसुद्धा आधी गेलाच होता. पण वर जाऊन आठ वर्षं राहून आल्यावर त्याला खालच्या ट्रॅकवर धावण्यात कमीपणा वाटला नाही. परत आल्यावर चार वेळा चॅम्पियन होणारा दुसरा माणूस या मालिकेत दाखवता येणार नाही.

आणि हात? हाताने त्याच्याकडून काय हिरावलं हे मोजता येत नाही, पण एक तर्क करावासा वाटतो. ज्याला प्रत्येक झटक्याची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, तो झटके कमी देतो. गाडी कमी घसरवून, कमी भांडून चालवतो. टायर टिकतात, इंजिन टिकतं, आणि पन्नासाव्या फेरीत, पुढचे दमले की, तो तिथे असतो. हे सिद्ध करता येणार नाही. पण केन्यनच्या निकालांचा आकार असाच आहे.

पुढे

स्पर्धेतून मागे सरल्यावरही तो लेबननमध्येच राहिला आणि घरच्यांसोबत स्वस्तातल्या मिजेट बनवू लागला: मोटरसायकलचं इंजिन, सगळ्यांना सारखी गाडी, नवख्यांना परवडेल असा खर्च. त्याच्या नावाने या गाड्यांची मालिकाही चालली, आणि साठी ओलांडल्यावरही तो पोराटोरांमध्ये उतरायचा. 1984 मध्ये मिजेट रेसिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, म्हणजे सातवं विजेतेपद मिळायच्या आधीच. माणूस सन्मानाला गेला, घरी परतला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चॅम्पियन झाला. 2003 मध्ये अमेरिकेच्या मोटरस्पोर्ट्‌स हॉल ऑफ फेमनेही त्याला घेतलं.

111 चा आकडा आजही माथ्यावर आहे आणि त्याच्या खाली वोग्लर. तो मोडायचा तर कुणालातरी या मालिकेत वीसएक वर्षं मुक्काम ठोकावा लागेल. आजचे चांगले मिजेट ड्रायव्हर दोन-तीन हंगामांत मिजेटहून मोठ्या स्प्रिंट कार किंवा नॅसकारच्या वाटेला लागतात, कारण पैसा अजूनही तिकडेच आहे.